फुकटच्या विमानाचा खर्च

प्रश्न : ताई, माझे यजमान अमेरिकन आर्मीत आहेत. आम्ही जर्मनीत कायझरस्लाउटर्नजवळ राहतो. मुलगा चार वर्षांचा, मुलगी चौदा महिन्यांची. जूनमध्ये न्यू जर्सीत, एडिसनला, माझ्या भाच्याची मुंज आहे. शेजारणी म्हणतात, "तिकिटं कशाला काढतेस? रामस्टाइनच्या हवाई तळावरून स्पेस-एने, म्हणजे फौजेच्या विमानात उरलेल्या जागेवर, जा, फुकट आहे." यांना दोन आठवड्यांची रजा मिळाली आहे. खरंच फुकट पडतं का? माझा पासपोर्ट अजून भारतीय आहे, ग्रीन कार्ड आहे.
– एक वाचक, जर्मनी

उत्तर : मुहूर्त ठरलेला आहे ना? मग जाताना तिकिटं काढूनच जा. हे आधी सांगते, कारणं मागून.

माझे यजमान हवाई दलात होते. मुलं लहान असताना आम्ही या विमानांनी पुष्कळ फिरलो आणि फौजेतल्या कुटुंबांसाठी ही फार मोलाची सोय आहे असं मी आजही म्हणते. पण तिला 'फुकट' म्हणणाऱ्या बहुतेकांना तान्ही मुलं नसतात किंवा हातात बक्कळ वेळ असतो.

विमान निघतं ते फौजेच्या कामाला. त्यात उरलेली जागा रजेवरच्या लोकांना मिळते, आरक्षण नाही. मालवाहू विमानाला भाडं पडत नाही. फौजेने भाड्याने घेतलेल्या पॅट्रिअट एक्स्प्रेसला माणशी थोडा कर भरावा लागतो. एकूण सहा कॅटेगरी आहेत. रजेवरचा सैनिक आणि त्याच्यासोबतचं कुटुंब तिसऱ्या कॅटेगरीत येतं. आपल्या रेल्वेच्या वेटिंग लिस्टमध्ये नंबर पुढे सरकतो, इथे तो मागेही जातो. घरी कोणी अत्यवस्थ असलेला जवान ऐनवेळी आला की तो तुमच्या पुढे, आणि तसंच असायला हवं.

आता शेजारणी जे सांगत नाहीत ते. एकाच कॅटेगरीत ज्याने आधी नाव नोंदवलं तो पुढे. पण नोकरीतल्या सैनिकाला रजा सुरू झाल्यावरच नाव नोंदवता येतं. म्हणजे वाट पाहण्याचा प्रत्येक दिवस त्याच्या रजेतून जातो. वर्षाला ३० दिवस रजा, महिन्याला अडीच दिवस जमा होतात. टर्मिनलच्या खुर्चीत गेलेला एक दिवस त्याने बारा दिवस राबून मिळवलेला असतो. माझ्या मते हा सगळ्यांत मोठा खर्च, आणि तो कुठल्याही पावतीवर दिसत नाही. त्यात जून म्हणजे शाळांच्या सुट्ट्या आणि बदल्यांचा हंगाम. दोन आठवड्यांतले चार-पाच दिवस असे गेले तर मुंजीत उभं राहायला तुम्ही कधी पोचणार?

रोल कॉल कसा असतो ते सांगते. पुकारा होईल तेव्हा सगळं कुटुंब, सगळ्या बॅगा, सगळी कागदपत्रं घेऊन हजर राहायचं. एकदा आमचं नाव आलं तेव्हा जागा तीन निघाल्या आणि आम्ही चौघं. धाकटी खांद्यावर झोपलेली, थोरला बॅगेवर बसून बिस्किटं खात होता. काउंटरवरचा पोरगा अगदी मायेने म्हणाला, "मॅडम, वाटून जाणार का?" एवढ्याशा मुलांना घेऊन वाटून कसं जायचं? आमच्या मागचं जोडपं गेलं. मग बॅगा पुन्हा गोळा करा, मुलीचे कपडे बदला, रात्रीची खोली शोधा.

ती खोली म्हणजे दुसरा खर्च. तळावरची निवासं स्वस्त असतात, पण तिथेही ड्यूटीवरचे आधी. खोली नसली की बाहेरचं हॉटेल. पोरांच्या सीटसकट टॅक्सी किंवा भाड्याची गाडी, तीन वेळचं बाहेरचं खाणं, डायपर, पार्किंग, हे सगळं रोज वाढत जातं. शिवाय अमेरिकेत विमान बाल्टिमोरलाच उतरेल असं नाही. डेलावेअरमधल्या डोव्हर तळावर उतरवलं तर तिथून एडिसन गाडीने दोन-अडीच तास, रात्री दोन वाजता उतरलात तरी.

परतीचे पैसे हाताशी हवेतच. जागा मिळाली नाही तर स्वखर्चाने नागरी विमानाने परतायची तयारी ठेवा, असं नियमच सांगतो. तुझ्या यजमानांना ठरल्या दिवशी ड्यूटीवर हजर व्हायचं आहे, ती तारीख हलत नाही. ऐन उन्हाळ्यात उद्याचं एकेरी तिकीट, तीन जागा आणि बाळाचं वेगळं भाडं, हा आकडा आजच एखाद्या साइटवर बघून ठेव. कित्येकदा एकेरी तिकीट जाण्या-येण्याच्या तिकिटाहून महाग निघतं.

म्हणून असं कर. जाताना चौघांची आणि येताना यजमानांचं एकट्याचं, अशी पक्की तिकिटं काढ. तू आणि मुलं बहिणीकडे राहा. परदेशात नेमणूक असलेल्या सैनिकाच्या, फौजेने सोबत राहायला मान्यता दिलेल्या, कुटुंबाला त्याच्याशिवायही स्पेस-एने जाता येतं. युनिटचं पत्र लागतं आणि कॅटेगरी पाचवी लागते. नोंदणी ६० दिवस चालते. बाल्टिमोर, डोव्हर, मॅकग्वायर तिन्ही ठिकाणी नाव घाल. मॅकग्वायरचा तळ तर न्यू जर्सीतच आहे, एडिसनहून तासाभरावर. पुढच्या ७२ तासांची विमानं टर्मिनलवाले जाहीर करतात, ती बहिणीच्या घरी चहा पीत बघायची. रजा जळत नाही, हॉटेल नाही. स्पेस-ए खरोखर स्वस्त पडते ती अशीच. मात्र पाचव्या कॅटेगरीला जूनमध्ये जागा कठीण, तेव्हा आणखी काही आठवडे थांबायची तयारी हवी. आणि दोन मुलांना एकटीने सांभाळण्याइतकी ताकद आपल्यात आहे का, हे तुझं तूच ठरव. नाही म्हणालीस तर त्यात कमीपणा काहीच नाही.

मालवाहू विमान, म्हणजे सी-१७ वगैरे, मिळालं तर बॅगांची चैन आहे, साधारणपणे माणशी ७० पौंडांच्या दोन. पण बाकं भिंतीला टेकलेली, कापडी पट्ट्यांची. आवाज एवढा की शेजारच्याच्या कानात ओरडावं लागतं. तिथे मिळणारे स्पंजचे बोळे लहान मुलांच्या कानात बसत नाहीत, मुलांचे कानावरून घालायचे इअरमफ आधीच घे. पायाखालची लादी थंडगार असते, म्हणून लोकरी मोजे, टोपी आणि एक गोधडी हातातल्या पिशवीत ठेव. डायपर बदलायला जागा नाही, मांडीवरच उरकायचं. खाण्याचा डबा आधी पैसे भरून मागवता येतो, पण त्यात मुलीजोगं काही नसतं. पेज, केळं, थर्मासमध्ये गरम पाणी जवळ असू दे. कार सीट कुठे आणि कशी बांधायची ते लोडमास्टर, म्हणजे विमानातल्या सामानाची आणि प्रवाशांची व्यवस्था बघणारा, सांगेल, त्याचं ऐक.

आता पासपोर्ट. मुलांचे सरकारी कामाचे नो-फी पासपोर्ट असतील तर ते अशा फिरण्याला चालत नाहीत, साधे पर्यटक पासपोर्ट काढून घे, त्याची फी वेगळी. तुझा भारतीय पासपोर्ट, ग्रीन कार्ड आणि फौजेचं ओळखपत्र, तिन्ही मूळ प्रती जवळ ठेव. पूर्व किनाऱ्यावरून सुटणारी काही विमानं रामस्टाइनऐवजी इंग्लंडमधल्या मिल्डेनहॉल तळावर जातात. "निदान युरोपात तरी पोचू" म्हणून लोक त्यात चढतात. तू चढू नकोस. भारतीय पासपोर्टवर ब्रिटनमध्ये राहायला व्हिसा लागतो, आणि तो नसेल तर तळाबाहेर पडून पुढचं विमान गाठताना अडचण येऊ शकते.