वाचक विचारतात : समुद्रातून वाचलेल्यांच्या आठवणी

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या 'इंडियानापोलिस' या अमेरिकी युद्धनौकेवरील वाचलेल्या नौसैनिकांच्या मुलाखती मी वाचतो आहे. कोणी शार्कच्या हल्ल्यांविषयी भरभरून सांगतो, तर कोणी शार्क पाहिल्याचे आठवत नाही म्हणतो. दिवसांचा हिशेबही जुळत नाही. या आठवणी कितपत खऱ्या मानाव्यात?

उत्तर : त्या खऱ्या मानाव्यात, फक्त त्या न जुळण्याचे कारण समजून घ्यावे. ३० जुलै १९४५ रोजी मध्यरात्रीनंतर जपानी पाणबुडीचे टॉर्पेडो लागून ही नौका फिलिपाइन समुद्रात अवघ्या बारा मिनिटांत बुडाली. तिच्यावरील १,१९५ जणांपैकी सुमारे नऊशे जण पाण्यात उतरले आणि वारा व प्रवाह यांमुळे त्यांचे गट मैलोन्‌मैल पांगले. एका गटाने जे रोज भोगले ते दुसऱ्याच्या वाट्याला आलेच असेल असे नाही.

दिवसांचा घोळ तहानेमुळे झाला. समुद्राच्या पाण्यात सुमारे साडेतीन टक्के क्षार असतात. ते बाहेर टाकण्यासाठी मूत्रपिंडाला प्यालेल्या पाण्याहून अधिक पाणी खर्चावे लागते. म्हणजे जो पितो तो आणखी सुकत जातो आणि अखेर त्याला भास होऊ लागतात. 'नौका इथेच खाली आहे, तिच्यात गोडे पाणी आहे' असे म्हणत शेजारच्या सोबत्याने जीवरक्षक जाकीट काढले आणि बुडी मारली, ही आठवण अनेकांनी सांगितली आहे. माझ्या मते शार्कच्या कथांपेक्षा या आठवणीकडे वाचकाने अधिक लक्ष द्यावे, कारण सांगणाऱ्याने तो हात सुटताना पाहिलेला असतो.

नौका बंदरात पोहोचली नाही, याची दखल कोणीही घेतली नव्हती. २ ऑगस्टला गस्तीवरील वैमानिक विल्बर ग्विन याला, विमानाच्या एरियलमधील बिघाड पाहत असताना, खाली तेलाचा तवंग आणि मग माणसे दिसली. त्यानंतर आलेल्या एड्रियन मार्क्स याने खुल्या समुद्रात उतरण्यास मनाई असतानाही आपले 'कॅटालिना' विमान लाटांवर उतरवले आणि ५६ जणांना वर घेतले. आत जागा उरली नाही तेव्हा त्यांना पंखांवर बांधून ठेवले. एकूण ३१६ जण वाचले.

नागमोडी मार्गाने न नेता नौका धोक्यात घातल्याबद्दल तिचे कॅप्टन मॅक्व्हे यांना लष्करी न्यायालयाने दोषी ठरवले, तेव्हा याच लोकांनी त्यांच्यासाठी अनेक दशके पाठपुरावा केला आणि २००० साली अमेरिकी संसदेने त्यांना निर्दोष मानणारा ठराव केला. मॅक्व्हे मात्र तोवर हयात नव्हते.

मुलाखती पुढे वाचाल तेव्हा २ ऑगस्टच्या रात्रीच्या उजेडाचा उल्लेख जरूर शोधा. 'सेसिल डॉयल' या मदतीस धावलेल्या नौकेच्या कप्तानाने, शत्रूच्या पाणबुडीला आपला ठावठिकाणा कळण्याचा धोका पत्करून, शोधदिव्याचा झोत सरळ ढगांवर सोडला होता. वर मान करण्याचीही ताकद न उरलेल्यांना तो ढगांवरून परतलेला उजेड पाण्यावर दिसला, आणि कोणीतरी येत आहे हे कळल्यावर अनेकांनी सकाळपर्यंत तग धरला.