गणपती गेले की शिंका सुरू! ही सर्दी नव्हे, ॲलर्जी

प्रश्न : डॉक्टर, माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, तिसरीत. आम्ही पुण्यात राहतो, सोसायटीच्या मागे मोकळा प्लॉट आहे आणि पावसाळ्यात तिथे कमरेएवढं गाजर गवत माजतं. गेली दोन वर्षं असं होतंय की गणपती गेले की याच्या शिंका सुरू होतात, सकाळी उठल्या उठल्या ओळीने दहा-बारा, मग नाक पाण्यासारखं गळतं, डोळे लाल होतात, टाळू खाजते म्हणून जिभेने टक् टक् आवाज काढत बसतो. ताप अजिबात नसतो. दिवाळीपर्यंत हेच चालतं. आत्तापर्यंत तीन वेळा अँटिबायोटिकचा कोर्स झाला, कफ सिरपच्या बाटल्या तर मोजल्याच नाहीत. सासूबाई म्हणतात दही-केळं बंद कर, शाळेत बाकीच्यांना लागेल म्हणून त्याला वेगळ्या बाकावर बसवलं, आणि मी आता ग्राउंडवर पाठवणं बंद केलंय तर तो रोज रडतो. नक्की करू तरी काय? – एक आई, पुणे

उत्तर : ताई, तुम्ही इतकं नीट लिहिलंय की अर्धं निदान तुमच्या पत्रातच आहे. ताप नाही, नाक पाण्यासारखं, खाज आहे, दरवर्षी त्याच महिन्यांत, आणि आठवड्यात बरं न होता दिवाळीपर्यंत चालतं. विषाणूची सर्दी अशी वागत नाही, ती पाच-सात दिवसांत उतरणीला लागते आणि तिच्यात खाज फारशी नसते. हा बहुतेक परागकणांचा त्रास आहे, मराठीत परागज्वर म्हणतात आणि इंग्रजीत ‘हे फीवर’ (hay fever), पण नावातल्या ज्वराने फसू नका, यात ताप येत नाही. अँटिबायोटिकचा याच्यावर काडीचाही उपयोग नाही, आणि ही ॲलर्जी एकाची दुसऱ्याला लागत नाही. हे वाक्य हवं तर डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या आणि वर्गशिक्षिकेला द्या, कारण आठ वर्षांच्या मुलाला वेगळ्या बाकावर बसवणं हे शिंकांपेक्षा जास्त लागतं हो.

आता एक गोष्ट घरीच बघा. तो नाक कसं पुसतो? ॲलर्जीची मुलं तळहात नाकाच्या शेंड्यावर ठेवून खालून वर घासतात, सलाम केल्यासारखा. हे महिनोन्महिने चाललं की नाकावर, शेंड्याच्या जरा वर, एक आडवी बारीक रेघ उमटते. खिडकीपाशी उजेडात उभं करून बघा म्हणजे दिसेल. डोळ्यांखाली काळसर झाक असेल तर ती जागरणाची किंवा रक्त कमी असल्याचीच असते असं नाही, नाक आतून सुजलं की तिथल्या शिरांमध्ये रक्त साचून राहतं. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी आया याच काळ्या वर्तुळांसाठी टॉनिक मागतात, मी आधी नाक बघते.

गाजर गवताबद्दल तुमचा संशय रास्त आहे. हे गवत आपल्याकडचं नाहीच, अमेरिकेकडून आलेलं, आणि 1956 च्या सुमाराला भारतात ते पहिल्यांदा ठळकपणे नजरेत आलं ते तुमच्या पुण्यातच. मदतीच्या गव्हाबरोबर बी आलं असं म्हणतात, आणि काही जण याला काँग्रेस गवतही म्हणतात. एका झाडाला हजारोंनी बिया, त्यामुळे एक पाऊस पुरतो. त्याच्या परागकणांनी नाक-डोळे धरतात आणि पाना-खोडाला हात लागला तर कातडीवर पुरळ उठतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढा आणि ते पांढरी फुलं यायच्या आधी, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्येच, ओल्या जमिनीतून मुळासकट उपटून घ्या, उपटणाऱ्याला हातमोजे आणि मास्क द्या. फुलावर आल्यावर ऑक्टोबरमध्ये कापलं तर परागकण उलट अजून उडतात, आणि मुलांना तर तिथे श्रमदानाला कधीच नेऊ नका. पण सगळा दोष त्या प्लॉटवर टाकू नका, पावसाळ्यानंतर बाकीची गवतंही फुलावर असतात, ओल आलेल्या भिंतीवरची बुरशी असते, गादीतले धुळीचे किडे असतात, आणि बऱ्याच मुलांना यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र भोवतात.

औषधाचं सांगते, कारण खरी चूक तिथेच होते. आपण औषध देतो त्रास झाला की, आणि थांबला की बंद. ॲलर्जीत नाकाच्या आतल्या पेशी परागकण दिसला की हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात, त्याने शिंका आणि पाणी, आणि मग काही तासांनी सूज चढते ती दिवसचे दिवस राहते. शिंकांवर सेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन अशी औषधं चांगली चालतात, डोस वजन-वय बघून डॉक्टर ठरवतील. जुन्या प्रकारची, म्हणजे क्लोरफेनिरामिन असलेली सर्दीची सिरप मात्र टाळा, त्यांनी मूल वर्गात पेंगतं आणि आपण म्हणतो अभ्यासात लक्ष नाही. पण चोंदलेल्या नाकाला, रात्री तोंडाने श्वास घेण्याला आणि घोरण्याला खरा उतारा आहे तो नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे. स्टेरॉइड शब्द ऐकून दचकू नका, मोमेटासोन, फ्लुटिकासोन यांचं रक्तात जाणारं प्रमाण अगदी थोडं असतं आणि दोन-चार वर्षांच्या पुढच्या मुलांना ते जगभर देतात. महिनोन्महिने चालू असेल तर डॉक्टर अधूनमधून उंची मोजतील, तेवढी काळजी पुरे. फक्त तो आज मारला आणि आज बरं वाटलं असा नाही, पूर्ण असर यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणून तुमच्या मुलाला गणपती बसायच्या सुमारालाच सुरू करून दिवाळीपर्यंत रोज, शिंका असोत नसोत, असं डॉक्टरांशी बोलून ठरवा.

आणि मारायचा कसा ते कोणी दाखवतच नाही! मी दवाखान्यात प्रत्येकाला मारून दाखवायला सांगते, दहातले आठ जण डोकं मागे टाकतात, नळी सरळ मधल्या पडद्यावर रोखतात आणि मग जोरात ओढून घेतात, औषध सरळ घशात, कडू लागलं की पोरगं दुसऱ्या दिवसापासून पळतं. आधी नाक शिंकरू द्या, मान किंचित खाली, पुस्तक वाचताना असते तशी. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, म्हणजे नळीचं तोंड आपोआप त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे जातं, पडद्याला लागत नाही आणि रक्त येत नाही. दाबताना हलकाच श्वास, फुलाचा वास घेतो तसा. झालं. हे त्याला स्वतःला शिकवा, आठ वर्षांचा मुलगा दोन दिवसांत शिकतो, दात घासण्याच्या ब्रशशेजारी बाटली ठेवा आणि कॅलेंडरवर रोज त्यानेच खूण करायची. ज्या गोष्टीचा ताबा स्वतःकडे असतो तिची मुलं कटकट करत नाहीत, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

नाक बंद झालं की लगेच मोकळं करणारे ड्रॉप्स मेडिकलमध्ये सहज मिळतात, ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिन वगैरे, ते स्वतःच्या मनाने नकोत. चार-पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले की नाक त्यांच्याशिवाय उघडतच नाही. माँटेलुकास्टची गोळी आपल्याकडे सर्दीच्या गोळीसारखी सर्रास देतात, त्याबद्दल एवढंच सांगते की काही मुलांना तिने वाईट स्वप्नं, चिडचिड, मनावर परिणाम असं होतं, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2020 मध्ये त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. तुमच्या मुलाला चालू असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, गरज आहे का म्हणून.

दही-केळ्याचं सासूबाईंना प्रेमाने सांगा की परागकण हवेतून नाकात जातात, वाटीतून नाही. ते खाऊन अंगावर पित्त उठत नसेल, ओठ सुजत नसतील, तर बंद करायचं काही कारण नाही, वाढत्या वयाचं मूल आहे.

आणि ग्राउंड. ताई, खेळ बंद करू नका. औषध चालू असलं की बहुतेक मुलं आरामात खेळतात. वारा सुटलेल्या कोरड्या दिवशी परागकण जास्त, पाऊस पडून गेल्यावर कमी, एवढं लक्षात ठेवा, त्या प्लॉटच्या कडेला न खेळता दुसरीकडे खेळू दे, टोपी आणि साधा गॉगल घालू दे, आणि घरी आला की सोफ्यावर उडी मारायच्या आधी तोंड, डोळे, हात धुऊन कपडे बदलायचे. केस रात्री धुतले किंवा निदान ओल्या पंचाने पुसले तर उशीवर काही येत नाही, त्या महिन्यांत चादरी-टॉवेल गच्चीवर न वाळवता घरात वाळवा. नाकपुडीच्या कडेला बाहेरून व्हॅसलिनचं बोट फिरवायचं, त्यावर काही कण अडकतात आणि पुसून पुसून सोललेली कातडीही भरून येते. डोळे चोळू लागला की ओला गार रुमाल ठेवा, सतत चोळणं बुबुळासाठी बरं नाही. दसऱ्याच्या साफसफाईच्या दिवशी त्याला मावशीकडे पाठवून द्या, झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा, मच्छर कॉइल आणि धूप त्याच्या खोलीत नको.

एक मात्र नीट बघा. रात्री किंवा पहाटे खोकला, धावल्यावर छातीत शिट्टीसारखा आवाज, दम लागणं यातलं काही असेल तर थांबू नका, नाक आणि छाती एकाच नळीची दोन टोकं आहेत आणि अशा बऱ्याच मुलांना दमाही असतो, तो वेळेत कळला तर पंपाने छान ताब्यात राहतो.

प्रश्न : नातू चार वर्षांचा. त्याचंही नाक सारखं वाहतं, पण एकाच बाजूने, आणि वास येतो. ॲलर्जीच असेल ना? मी रोज गरम पाण्याची वाफ देते. – एक आजी, कोल्हापूर

उत्तर : आजी, ॲलर्जी दोन्ही नाकपुड्यांना धरते. एकाच बाजूने घाण वासाचं पाणी येत असेल तर या वयात पहिला संशय हा की त्याने नाकात काहीतरी घातलंय, शेंगदाणा, चिंचोका, मणी, खोडरबराचा तुकडा. घरी चिमट्याने काढायला जाऊ नका, आत ढकललं जातं, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना उद्याच दाखवा. आणि त्याच्या खेळण्यात किंवा घड्याळात बटणासारखा छोटा सेल होता आणि तो सापडत नाहीये असं असेल तर उद्याही नको, आत्ता निघा, तो सेल काही तासांत आतलं मांस जाळतो. वाफ मात्र बंद करा, उकळत्या पाण्याचं पातेलं कलंडून भाजलेली मुलं मी पाहिली आहेत. नाक मोकळं करायला मेडिकलमधले साधे मिठाच्या पाण्याचे थेंब पुरतात, घरी करायचे तर पाणी उकळून गार केलेलंच घ्या, नळाचं नको.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये असतो, मुलगी सोळाची आहे, तिला मे-जूनमध्येच त्रास होतो आणि तेव्हाच जीसीएसईची, म्हणजे इकडच्या दहावीसारखी, परीक्षा असते. भारतात असताना कधीच नव्हतं. तिची रक्ताची मोठी तपासणी करून घेऊ का? – एक बाबा, रेडिंग

उत्तर : तिकडे मार्च अखेरपासून बर्चच्या झाडांचा आणि मेच्या मध्यापासून जुलैपर्यंत गवताचा हंगाम असतो, आणि नव्या देशात दोन-तीन उन्हाळे गेल्यावर त्रास सुरू होणं हे नेहमी बघायला मिळतं. तारखा इतक्या जुळत असतील तर शेकडो पदार्थांची महागडी रक्त तपासणी नको, तिच्यात भलतंच काहीतरी पॉझिटिव्ह येतं आणि पोरीचं खाणं बंद होतं. एप्रिलच्या शेवटाला जीपीशी, म्हणजे तुमच्या फॅमिली डॉक्टरांशी, किंवा फार्मसिस्टशी बोलून स्प्रे सुरू करा, गोळी झोप न आणणारी घ्या, पिरिटॉन (तेच झोप आणणारं क्लोरफेनिरामिन) परीक्षेच्या सकाळी नको, आणि कुठलीही नवी गोळी पहिल्यांदा पेपरच्या दिवशी देऊ नका, आधी सुट्टीच्या दिवशी देऊन बघा. मेट ऑफिसचा, म्हणजे तिकडच्या हवामान खात्याचा, परागकणांचा अंदाज रोज बघायची सवय तिलाच लावा. शाळेलाही आधी कळवा म्हणजे उघड्या खिडकीपासून लांबची जागा मिळू शकते, टिश्यू आणि डोळ्यांचे थेंब सोबत ठेवायची परवानगी पेपरच्या आधीच मागून ठेवा. एवढं करूनही दरवर्षी अभ्यास आणि झोप दोन्ही जात असेल तर इम्युनोथेरपीबद्दल विचारा, म्हणजे त्याच गवताच्या परागकणांची अगदी बारीक मात्रा जिभेखाली रोज, साधारण तीन वर्षं. ती हंगामाच्या चार-एक महिने आधी सुरू करावी लागते, त्यामुळे पुढच्या उन्हाळ्यासाठी नाव आत्ताच, शरद ऋतूच्या आत, घालून ठेवा.