रॅम पिकअप ट्रक: २५०० डिझेल की ३५००? १२,००० पौंडांच्या फिफ्थ-व्हील ट्रेलरसाठी पेलोड कसं तपासावं?

३५०० घ्या. टोइंगचा (ओढण्याच्या क्षमतेचा) आकडा पाहून २५०० पुरेल असं वाटतं, पण आधी संपतं ते पेलोड.

पेलोड म्हणजे गाडीचं कमाल मान्य एकूण वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन. २५०० चं हे कमाल एकूण वजन साधारण १०,००० पौंड असतं. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा कित्येक शे पौंड जड, आणि ते वजन थेट पेलोडमधून कापलं जातं. समजा, रिकामी गाडी ७,८०० पौंडांची, तर उरले २,२००. फिफ्थ-व्हील ट्रेलर ट्रकच्या हौद्यात बसवलेल्या हिचवर (जोडणीवर) टेकतो, त्यामुळे त्याचा साधारण पाचवा हिस्सा भार ट्रकवर येतो, म्हणजे २,४०० पौंड. अजून हिच, माणसं, सामान धरलंच नाही!

३५०० मध्ये मागे कॉइल स्प्रिंगऐवजी पाटे असतात आणि मान्य वजनही बरंच जास्त. (मागच्या स्प्रिंगला आधार देणाऱ्या हवेच्या एअरबॅग लावल्या तर गाडी खाली बसत नाही, पण अधिकृत मर्यादा तीच राहते.)

ब्रोशरमधलं कमाल पेलोड बहुतेकदा साध्या पेट्रोल मॉडेलचं असतं, त्यावरून तुलना नकोच. शोरूममध्ये ड्रायव्हरचं दार उघडून त्याच गाडीचं पेलोडचं लेबल वाचा. कुटुंब सोबत असणार आहे, इथे तडजोड करू नका.