शेरभर तांदूळ: मापी की वजनी?

प्रश्न असा आहे: घरातल्या जुन्या वहीत ‘तांदूळ एक शेर, पाणी दोन शेर, तूप पावशेर’ असं लिहिलंय. शब्दकोशात शेर म्हणजे वजनही सापडतं आणि मापही. मग ग्रॅममध्ये किती तांदूळ घ्यायचे?

कोशाची चूक नाही. शेर दोन होते, मापी आणि वजनी. वजनी पक्का शेर 80 तोळ्यांचा, म्हणजे साधारण 933 ग्रॅम. मुंबईचा जुना वजनी शेर मात्र जेमतेम 317 ग्रॅमचा होता, म्हणून ‘पक्का’ हे विशेषण उगाच लागलेलं नाही. मापी शेर म्हणजे धान्य भरायचं भांडं, आणि ते गावोगाव लहानमोठं असे.

कोणता शेर ते शेजारच्या शब्दांवरून ओळखावं. जवळपास चिपटं, मापटं, पायली असेल तर तो मापी; छटाक, तोळा, पासरी असेल तर वजनी. आपल्या बोलण्यात दोन्ही पद्धती अजून शेजारी शेजारी नांदतात. ‘पैशाला पासरी’मधली पासरी पाच शेर वजनाची, आणि ‘पायलीला पन्नास’मधली पायली चार शेर मापाची. अर्थ दोन्हींचा एकच, चिक्कार आणि स्वस्त.

तुमच्या ओळीत असा शब्द नाही, पण पाणी आहे. भाताचं पाणी कोणी तराजूत घालत नाही. तेव्हा पाण्याचा शेर मापी, आणि त्याच्या जोडीला आलेला तांदळाचाही मापीच. तुपाचा पावशेर मात्र मी वजनी धरेन, कारण तूप तोलून घेतलं जाई. एकाच ओळीत दोन शेर! लिहिणारीला त्यात काही वावगं वाटलं नसणार.

फरक किती पडतो ते पाहा. कोरडे तांदूळ भांड्यात भरले की दाण्यांमध्ये हवा राहते, म्हणून लिटरभर तांदूळ भरतात ढोबळमानाने 800 ग्रॅम. लांब दाण्याचे जरा कमी, आखूड दाण्याचे जरा जास्त. दोन्ही शेर वजनी धरले तर 933 ग्रॅम तांदूळ, म्हणजे सुमारे 1165 मिलिलिटर, आणि पाणी 1866 मिलिलिटर. मापाने पाहिलं तर पाणी दुप्पट न होता जेमतेम 1.6 पट होतं. भात फडफडीत होईल, कदाचित कणीही राहील.

हाच घोटाळा आजही होतो. ‘पाणी दुप्पट’ म्हटलं की ते मापानं दुप्पट. 200 ग्रॅम तांदूळ तोलून घेतले तर ते 250 मिलिलिटर भरतात, म्हणून पाणी 500 मिलिलिटर लागेल, 400 नव्हे. मापाचे ग्रॅम करायचे तर मिलिलिटरला 0.8 नं गुणा; ग्रॅमचं माप करायचं तर 0.8 नं भागा. हा हिशेब कोरड्या तांदळाचा. भिजवलेल्याला किंवा शिजलेल्याला तो लावू नका.

जुनं माप घरात असेल तर ते पाण्यानं काठोकाठ भरून मिलिलिटर मोजा. पण माप सपाट की शिगोशीग, हे आधी विचारून घ्या. शीग म्हणजे मापाच्या काठावर उभी राहणारी रास. पाण्याला शीग येत नाही, तांदळाला येते. त्यामुळे माप एकच असलं तरी तांदूळ जास्त पडतात. शिवाय भरताना माप हेलावलं की दाणे बसतात आणि आणखी मूठभर मावतात.

‘पावशेर’ हा शब्द तर दशमान पद्धतीतही तगला. पक्क्या शेराचा पाव म्हणजे 233 ग्रॅम, पण आज पावशेर म्हटलं की 250 ग्रॅमच मिळतात. वही दशमान वजनं आल्यानंतरची, म्हणजे 1958 नंतरची असेल, तर तुपाचा पावशेर 250 ग्रॅमचाही असू शकेल. सतरा ग्रॅम तुपानं भात बिघडत नाही, ते सोडून द्या.