विचारा भूगोलाच्या मास्तरांना

प्रश्न: माझा भाचा अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या व्हॅलेंटाइन गावी दवाखान्यात नोकरीला लागलाय. परवा फोनवर म्हणाला, "मावशी, आमची चेरी काउंटी कोल्हापूर जिल्ह्याच्या दुप्पट आहे आणि माणसं आपल्या गडहिंग्लजपेक्षा कमी!" पोरगं लहानपणापासून थापाडं. यात खरं किती? आणि खरं असेल तर एवढी जमीन मोकळी का सोडलीय? तिथं कलेक्टर वगैरे कुणी असतो का?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर: ताई, या खेपेला पोरगं खरं बोलतंय. काउंटी म्हणजे तिथला जिल्हा. चेरी काउंटीचं क्षेत्रफळ सुमारे 15,560 चौरस किलोमीटर, आपल्या जिल्ह्याचं 7,685. तिथं 2020 च्या जनगणनेत 5,455 माणसं भरली. आपल्याकडं 2011 लाच 38 लाख 76 हजार होती. आपला सगळ्यात कमी वस्तीचा तालुका गगनबावडा, तिथंसुद्धा पस्तीस हजारांवर लोक. त्यात चेरीतली जवळजवळ निम्मी माणसं एकट्या व्हॅलेंटाइनमध्ये राहतात. म्हणजे तुमचा भाचा तिथल्या हिशेबानं भर गर्दीत आहे.

जमीन मोकळी सोडलीय असं मात्र म्हणू नका. ती गवताची आहे आणि गवत गुरांचं आहे. नेब्रास्कात सुमारे पन्नास हजार चौरस किलोमीटरवर वाळूच्या टेकड्या पसरल्यात, काही शंभर मीटरहून उंच. सँडहिल्स म्हणतात त्यांना. चेरी काउंटीचा बहुतेक भाग याच टेकड्यांचा. वाळवंट म्हणावं तर वर सगळीकडं गवत, टेकड्यांच्या मधे तळी आणि खाली ओगलाला नावाचा भूजलाचा प्रचंड साठा. पाणी आहे म्हटल्यावर आपला माणूस दुसऱ्या दिवशी उसाची लावण करील! पण गवताच्या मुळांनीच ती वाळू धरून ठेवलीय. नांगर घातला, मुळं तुटली, की वारा वाळू उचलायला लागतो. पडलेला खड्डा दरवर्षी वाढत जातो. शिवाय पाऊस वर्षाला जेमतेम पाचशे मिलीमीटर. गगनबावड्यात तेवढा एखाद्या आठवड्यातही पडून जातो.

तिथं माणसं भरायचा प्रयत्न सरकारनं करून पाहिला, आणि मला या सगळ्यात तोच भाग सगळ्यात बोलका वाटतो. 1862 च्या कायद्यानं वसाहतकऱ्याला 160 एकर फुकट मिळायचे. या वाळूत तेवढ्यावर भागेना, म्हणून 1904 साली किंकेड कायदा आला आणि पश्चिम नेब्रास्कात कुटुंबामागं 640 एकर देऊ केले. अट एकच, पाच वर्षं राहून जमीन सुधारायची. आपल्याकडं 640 एकरांचा धनी म्हणजे सरंजामदारच. पोरांच्या सोयरिकीला रांग लागेल. तिथं ते पुरले नाहीत. एकेका गुराला कित्येक एकर कुरण लागतं, त्यामुळं एका कुटुंबाचं पोट चालायला हजारो एकर हवेत. लोक आले, 1920 च्या सुमारास वस्ती अकरा हजारांवर गेली. मग एकेकानं जमीन शेजारच्या मोठ्या गुरेवाल्याला विकली आणि वाट धरली. तेव्हापासून आकडा उतरतोय. आज गोमांसासाठी पाळलेल्या गायींच्या संख्येत ही काउंटी साऱ्या अमेरिकेत वरच्या क्रमांकात असते. गायी माणसांपेक्षा कितीतरी पट जास्त.

माणसं विरळ झाली की पहिलं दुकान बंद पडतं. काउंटीच्या पश्चिमेकडं कोडी नावाचं जेमतेम दीडशे वस्तीचं गाव आहे. किराणा मिळेना म्हणून तिथल्या शाळेनं 2013 साली स्वतःच दुकान काढलं, इमारत पेंढ्याच्या गठ्ठ्यांची, आणि गल्ल्यावर शाळेची पोरं. आपल्या शाळांतल्या बालआनंद मेळाव्याची भजी एका दिवसात संपतात. हे दुकान गावाची गरज म्हणून उभं राहिलं.

कलेक्टर म्हणाल तर तसा वरून नेमून आलेला साहेब तिथं नसतो. काउंटीचं मंडळ, शेरीफ म्हणजे तिथला पोलीसप्रमुख, खजिनदार, सगळे मतदानानं निवडतात. साडेपाच हजारांत उमेदवाराची सात पिढ्यांची कुंडली मतदाराला पाठ असणार, प्रचाराला काय राहिलं, देव जाणे.

प्रश्न: एकाच जिल्ह्यात घड्याळं दोन, असंही तो म्हणतो. मग फोन करायचा कधी?
– त्याच वाचक

उत्तर: तेही खरं. काउंटी पूर्व-पश्चिम दीडशेएक किलोमीटर लांब आहे आणि वेळेची रेषा तिच्या मधूनच जाते. पश्चिमेकडचं घड्याळ एक तास मागं. तुमचा भाचा पूर्वेच्या बाजूला. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तो आपल्यापेक्षा साडेदहा तास मागं, एरवी साडेअकरा. उन्हाळ्यात तुम्ही सकाळी साडेसातला फोन लावलात तर तिकडं आदल्या रात्रीचे नऊ वाजलेले असतील. हिवाळ्यात साडेआठला लावा.