जुन्या गाडीचा एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा विझत नाही, मेकॅनिक तिचं अख्खं कंट्रोल मॉड्यूल बदला म्हणतोय. काय करू?

लगेच खिशात हात घालू नका. आधी स्कॅनर लावून बिघाडाचा कोड काढायला सांगा. ‘एबीएस गेलं’ हे काही निदान नव्हे. जुन्या गाडीत बऱ्याचदा चाकाजवळचा स्पीड सेन्सर, त्याची तुटकी वायर किंवा गंजलेली दातेरी रिंग निघते. सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा बारीक कीस चिकटतो (आत चुंबक असतो ना), तो पुसूनही कधीकधी काम भागतं. चाकाचं बेअरिंग नुकतंच बदललं असेल तर पहिला संशय तिथेच, कारण सेन्सर आणि रिंग त्याच्या लगतच असतात. मॉड्यूलच गेलं असेल तरी आतलं सुटलेलं सोल्डर दुरुस्त करून देणारे असतात, नव्यापेक्षा पुष्कळ स्वस्तात.

तोवर साधे ब्रेक लागतात, पण करकचून दाबले तर चाकं लॉक होऊ शकतात. ब्रेकचा लाल दिवाही पेटला असेल तर मात्र गाडी हलवू नका.