सोलापुरात रेडिओवर दिवसभर बोलकं काही ऐकायचं असेल तर

नुसती गाणी नकोत, बातम्या, शेतीसल्ला, श्रुतिका, भाषणं हवीत, तर मिडियम वेव्ह पट्ट्याची (सेटवर MW किंवा AM) सवय करा. आकाशवाणीचं पुणे केंद्र ७९२ आणि मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर. आकडे दाखवणारा डिजिटल ट्यूनिंगचा रेडिओ घेतलात तर आधी ट्यूनिंगची पायरी ९ किलोहर्ट्झवर आणा. कित्येक सेट १० वर लावून येतात. मग ७९० वरून थेट ८०० वर उडी पडते आणि पुणं काही नीट सापडत नाही.

बाहेरची ओढायची दांडी इथे उपयोगाची नाही. मिडियम वेव्हचा अँटेना म्हणजे सेटच्या आत आडवी बसवलेली फेराइटची कांडी. ती स्टेशनला काटकोनात हवी. पुणं आपल्या वायव्येला, म्हणून सेटचं तोंड वायव्येकडे करा आणि आवाज भरेपर्यंत हळूहळू फिरवा. पत्र्याच्या घरात लहरी अडतात, तेव्हा सेट खिडकीत किंवा अंगणात ठेवा. घरघर आली की एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर एकेक करून बंद करून पाहा. अडॅप्टरपेक्षा सेल कधीही चांगले.

सकाळी ७.१० च्या पुण्याच्या प्रादेशिक बातम्या चुकवू नका, दिवसाची घडी त्यांनीच बसते. अंधार पडल्यावर लांबची स्टेशनं वर येतात, आवाज लाटेसारखा चढतो-उतरतो. तो सेटचा दोष नव्हे. लहरी आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परतताना तसं होतं. श्रुतिकेची वेळ मात्र वहीत लिहून ठेवा, सुरुवातीची पाच मिनिटं हुकली की पात्रांचे आवाज ओळखू येत नाहीत.